खाली शिवलेली चादर

दादा,

तू याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर आहेस, हे नर्सबाईंकडून कळलं. "बहिणीला वर पाठवू नका," असं बजावलंस, तेही कळलं. मी इथे तळघरात फाटक्या चादरी शिवते.

आई गेल्यावर तू देवाशी अबोला धरलास, आणि मी प्रार्थना सोडेना म्हणून माझ्याशीही. खरं सांगू? तेव्हा मीही त्याच्यावर चिडलेच होते. पण चादर शिवताना तिच्यावर झोपणाऱ्यासाठी प्रभूशी दोन शब्द बोलायची सवय लागली, आणि हळूहळू तो शेजारच्या स्टुलावर येऊन बसायला लागला.

आज तुझ्या खाटेचा नंबर असलेली चादर आली. चार बोटंच फाटली होती, मी वीतभर शिवली. बोलणंच संपेना.

पत्र वर धाडत नाही. चादर धाडतेय.

तुझी,
धाकटी