सुरयांचे बेट

गेवराई,
६ एप्रिल २०२५

चि. अजिनाथ यास अनेक आशीर्वाद.

फोनवरचे बोलणे हवेत विरते, म्हणून पत्र. चि. मनिषाच्या शालेय प्रकल्पासाठी तू नदीवरच्या सुरय पक्ष्यांची जागा विचारलीस. राखीव क्षेत्राच्या समितीचा दंडक आहे की ती कोणासही सांगू नये. मी स्वतः समितीचा सदस्य असूनही, केवळ तुझ्या लेकीचे नाव घेतलेस म्हणून तो मोडतो. खालच्या वळणावरील वाळूच्या बेटावर सात घरटी आहेत. घरटे म्हणजे वाळूतला साधा खळगा. ऊन चढले की मादी पोट पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. मनिषाला काठावरूनच दुर्बिणीने दाखव. तुझ्या नौकाविहाराच्या धंद्यातील पाहुण्यांना मात्र पत्ताही लागू देऊ नकोस. तुझी वहिनी म्हणते, भावजींचे पोट पाहता त्यांनी होडीत मधोमधच बसावे.

मायेत अंतर पडू देऊ नये.
तुझा,
धर्मराज

बीड,
२१ एप्रिल २०२५

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

दादा, लई मोठं काम झालं! काल रविवारी भर दुपारी चौदा पाहुणे बेटावर उतरवले. पाऊण तास थांबलो. पाखरं इतकी धीट, की डोक्याला चाटून जात होती, जणू स्वागतच! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दोन रविवारच्या होड्या आताच भरल्या. बंकट नावाडी उगीच कुरकुरत होता, की मालक, पाखरांचं हे लक्षण बरं न्हाई. मी म्हटलं, तू वल्हव बे. मनिषाचा प्रकल्प पुढच्या वर्षी बघू. वहिनींना सांगा, होडी बुडाली न्हाई.

रागावू नये, कृपा असू द्यावी.
आपला,
अजिनाथ

गेवराई,
२६ एप्रिल २०२५

श्री. अजिनाथ यांस स. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. ते स्वागत नव्हते. चौदा माणसांना अंड्यांपासून हाकलण्याची ती धडपड होती. एप्रिलच्या दुपारी पाऊण तास उघडी राहिलेली अंडी वाळूतच शिजतात. काल मी बेट पाहिले. एकही पक्षी नाही. काठावर टरबुजे लावणारी बायनाबाई म्हणाली, की परवापातुर एक मादी पोट भिजवून यायची, बसायची, उठायची. आता तीबी येत न्हाई.

वन कार्यालयात मी तक्रार दिली असून आपले पत्र पुराव्यादाखल जोडले आहे. दंडक प्रथम मी मोडला, हेही त्यात नमूद केले आहे. त्याचा पुरावा, म्हणजे माझे ६ तारखेचे पत्र, आपल्याजवळ आहे. फाडले नसल्यास ते कार्यालयात पोहोचते करावे.

एवढे केल्यास आभारी राहीन.

धर्मराज