आईचे रणगाडे

१२ फेब्रुवारी २००८, केदारखेडा

आईला मोतीबिंदू नव्हताच! काचबिंदू निघाला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं — गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली फार दिवस राहील असं दिसत नाही. आणि आम्ही काय करत बसलो होतो? मोतीबिंदू पिकायची वाट बघत! "पिकू दे, मंग काढू" — अख्खं गाव म्हणायचं, मीही म्हणायचे. शाळेत पोरांना विज्ञान शिकवते मी. धन्य आहे!

एसटीत आईला खिडकी दिली. म्हणाली, "मोसंबीच्या बागा आल्या का गं?" बागा दोन्ही बाजूंना होत्या.

१४ फेब्रुवारी

कशातच मन नाही. आमटी खारट झाली. आईनं वरून पाणी ओतून खाल्ली.

१७ फेब्रुवारी

लोखंडी पेटीत गोधड्यांखाली व्हिडिओ गेम सापडला. आमचाच! रणगाड्यांची पिवळी कॅसेट अजून आतच.

वडील साखर कारखान्यात टर्नर होते, आम्ही कारखान्याच्या वसाहतीत. ते पाळीला गेले की आई भाकऱ्या आवरून, पदर खोचून टीव्हीसमोर. ती हिरवा रणगाडा, मी पिवळा. खाली विटांच्या कोटात गरुड, तो वाचवायचा. शेजारच्या चतुराबाई डोकावल्या की आई कंट्रोल माझ्या मांडीवर टाकून गहू निवडायला लागायची. काय सोंग!

गेम बंद केला की पुन्हा पहिल्या पायरीपासून. पण वसाहतीला लाइट कारखान्याची. उसाचं गळीत चालू असेपर्यंत ती जायचीच नाही. मग आम्ही खेळ मध्येच थांबवायचो, वरून टॉवेल टाकायचो आणि तसाच चालू ठेवायचो. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. तरी शेवटची पायरी कधी बघितली नाही. हंगाम संपायचा, कारखाना थांबायचा, लाइट जायची — संपलं.

वडील गेले. वसाहतीत आता दुसरंच कोणी राहतं. मला ते सगळं परत पाहिजे. बिलकुल हट्टी पोरासारखं पाहिजे! आईला ती शेवटची पायरी दाखवायची. तिला दिसतंय तोवर.

२४ फेब्रुवारी

भोकरदनला रामकिसन रेडिओवाल्यानं गेम चालू करून दिला. म्हणे, "आता कोण खेळतं हे, ताई?" म्हटलं, माझी आई. हसला मेला.

१ मार्च

आईला मधलं तेवढंच दिसतं. म्हणून मान सारखी डावी-उजवी, डावी-उजवी फिरवत खेळते, टेबलफॅनसारखी. पण मारते! एकदा हिरवा रणगाडा शोधताना डोळे पुसले, म्हणाली, "रंग कमी केला का गं याचा?" मी हो म्हणून टाकलं.

४ मार्च

काय केलं मी हे! शेवटची पायरी अगदी समोर आली होती. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाली, "जराशी टेकते." मी खेळ थांबवला, आणि टॉवेल टाकला. सवय! हे केदारखेडा आहे, वसाहत नाही, हे डोक्यातच आलं नाही. दुपारी लोडशेडिंग. सगळं गेलं.

"जाऊ दे," म्हणाली. "पुन्हा मांडू." पण कधी? काल तिनं मीठ समजून साखर घेतली हातात.

५ मार्च

आज टीव्ही लावला नाही.

९ मार्च

तिनंच बसवलं. पुन्हा पहिल्यापासून. पहिली पायरी म्हणजे पोरखेळ, आणि मी मेले. पुन्हा मेले. आई आधी हसली, "झोपून राह्यली का? उजवीकडून आल्ता की तो!" मी म्हटलं, दिसला नाही, लक्ष नव्हतं. तिसऱ्यांदा मेले तेव्हा ती हसली नाही. कंट्रोल खाली ठेवला. टीव्हीकडे पाठ करून माझ्या तोंडाजवळ आली.

"तुला कडेचं दिसून न्हाई राह्यलं."

"काहीतरीच काय, आई!"

"माझंबी असंच सुरू झाल्तं. दारातली कोंबडी दिसंना, पायात आली तव्हा कळलं. मलाबी वाटलं, लक्ष न्हाई. उद्याच डॉक्टरकडं जाय. जल्दी!"

मी चिडले. स्वतःचं सोडून माझं काय काढतेस, म्हटलं. तिनं गेमची वायरच काढून टाकली. तू जाईस्तोवर खेळ बंद, म्हणाली.

१४ मार्च

काचबिंदू. मलाही. सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले — थेंब चुकवले नाहीत तर नजर टिकेल. इतक्या लवकर कोणी येत नाही आमच्याकडे. तुमच्या लक्षात कसं आलं, त्यांनी विचारलं.

म्हटलं, माझ्या नाही आलं. आईनं बघितलं.