शिकवणीतले चालतेबोलते उदाहरण

ती. ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने तुम्ही सगळे सुखरूप असाल. भावोजींचे गुडघे आणि त्यांचा स्वभाव, दोन्ही आता थोडे वाकू लागले असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे जे ठीक नाही ते आता अंगवळणी पडले आहे.

तुझ्या कानावर आलेच असेल, ह्यांनी विमा कचेरीतली हेडक्लार्कची खुर्ची सोडली आणि परक्या भाषेचे मास्तर झाले. पन्नाशी उलटली की माणसे औषधे बदलतात, ह्यांनी पेशा बदलला. संध्याकाळचा कोर्स करून प्रमाणपत्र आणले, ते भिंतीवर लावले (नवी फ्रेम कशाला, म्हणून मीच घरातली एक जुनी काढून दिली. तिच्यातला आमच्या लग्नाचा फोटो आता कपाटात आहे).

कोर्सात ह्यांना एक गुरुमंत्र मिळाला. शिकवताना आपली भाषा तोंडातून काढायची नाही. वस्तू दाखवायची, नाव सांगायचे आणि सगळ्यांकडून घोकून घ्यायचे. झाले! झारा, किसणी, चाळणी, माझे अर्धे स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीतल्या वर्गात शिक्षणाला गेले आणि खडूने माखून परत आले. आकडे शिकवायला माझी जपमाळ नेली. आता जपाला बसले की देवाच्या नावाऐवजी तोंडात 'पाच' येते, तेही परके. देवाला चालत असेल, त्याला सगळ्या भाषा येतात. मला एकच येते, आणि तीच ह्यांनी घरात बंद केली आहे. सराव मोडतो म्हणे! दूध संपले हे सांगायला मला पातेले उलटे करून दाखवावे लागते.

विद्यार्थ्यांत एक कापडदुकानदार आहे, एक परिचारिका आहे आणि बाकीची परदेशी निघालेली पोरे. त्यांना हे रोज प्रेमाने विचारतात, झोप लागली का, जेवलात का, आई कशी आहे. (अर्थ मला परिचारिकेने सांगितला. इतकी वर्षे संसार केला, पण ह्यांना हे प्रश्न येतात याचा मला पत्ताच नव्हता.) मी पाणी घेऊन गेले की माझ्याकडे छडी रोखून एक वाक्य म्हणतात. सगळा वर्ग माझ्याकडे बघत ते एका सुरात म्हणतो. मीही हसून मान डोलावते. एकदा विचारले, तर नियम मोडून बोलले, "काही नाही गं, उदाहरण आहे."

"मग चाळणीचं घ्या की!"

"चाळणी हसत नाही."

असो. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. खरे काम सांगायचे राहिले. तुझ्या थोरलीला ती भाषा येते ना? वर्गातल्या कुणाला विचारायचा संकोच वाटतो, तेव्हा तिला चार दिवस पाठव. पडद्याआड बसून त्या वाक्याचा अर्थ तेवढा मला सांगेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तोच विसरलेली छत्री न्यायला परिचारिका आली. तिलाच विचारले. आधी लाजली, मग म्हणाली, "काकू, सरांनी नकारार्थी वाक्यं शिकवताना घेतलं होतं ते. 'ही माझी बायको. हिला काही कळत नाही.'" तेव्हा पोरीला पाठवायची तसदी नको. 'मला कळतं' हे कसे म्हणायचे ते परिचारिकेकडून घोकून घेतले आहे. उद्या पाणी देताना म्हणेन आणि परवा तुझ्याकडे येईन. मधली खोली झाडून ठेव. जपमाळ घेऊन येते. चाळणी ठेवते, ह्यांना उदाहरणाला लागेल.