एस्पोझितोंचं कूळ

२ नोव्हेंबर
अंक वेळेत गेला. शारजाच्या हमरिया फ्री झोनच्या पुरवणीतल्या जाहिराती शेवटच्या क्षणी बदलल्या, नेहमीप्रमाणे.
संध्याकाळी सांगलीहून थोरल्या दिरांचा, भाऊजींचा फोन. हे गेले तेव्हाच ठरलंय की इराचं कन्यादान भाऊजी आणि जाऊबाई करणार. आता मुलगा इटालियन, लुका एस्पोझितो. म्हणाले, "धर्म-बिर्म राहू दे, वासंती. पण कुणाच्या घरात देतोय ते तरी कळू दे. हे एस्पोझितो गाव कुठं आलं?" आडनाव आहे म्हणजे गाव असणारच, असं धरून चाललेत. शोधून सांगते म्हटलं.

५ नोव्हें.
शोधलं. गाव नाही.
नेपल्सला अनाथाश्रमाच्या भिंतीत लाकडी चाक असायचं. बाहेरून मूल ठेवायचं, चाक फिरवायचं, आतल्या बायका उचलून घ्यायच्या. कोण ठेवून गेलं ते दिसत नसे. अशा मुलांना हे आडनाव. अर्थ साधारण, 'बाहेर ठेवलेलं'. पुढे असली नावं द्यायला बंदी आली, पण आधीची राहिली. नेपल्स आणि आसपास आजही ढिगाने, उत्तरेकडे विरळ.
चांगला मजकूर. एरवी अर्धं पान सहज झालं असतं.

६ नोव्हें.
भाऊजींना सांगितलं ते इतकंच: नेपल्सचं जुनं आडनाव, तिकडे फार लोक लावतात. खोटं काही नाही.
"फार म्हणजे? आपल्याकडच्या पाटलांइतके?"
"तसंच काहीसं."
"मग भाऊबंदकी मोठी दिसते. जमीनजुमला असणार. कूळ उगाच एवढं पसरत नाही."
दुरुस्त केलं नाही. खूश होते.

७ नोव्हें.
इराला जेवताना सांगितलं. ती ताटाकडे बघत, "आई, यू गेव्ह हिम अ प्रेस रिलीज."
म्हटलं, कन्यादानाला काका हवेत ना?
"ऑफ कोर्स आय वॉन्ट काका. नॉट लाइक धिस."
लुकाला तिने कळवलंय. त्याला म्हणे हसू आलं.

८ नोव्हें., शनिवार
लुका खोर फक्कानहून आला. बंदरावरची ड्यूटी संपवून थेट अल कुसैसला आमच्याकडे, शर्टाला अजून डिझेलचा वास. पोहे खाल्ले, मग स्वतःच म्हणाला, कॉल काका.
व्हिडिओवर सरळ सुरुवात. "इन स्कूल, माय क्लास, सो मेनी एस्पोझितो. नो कझिन्स, काका. जस्ट सेम डोअर." चाकाचंही सांगितलं. इराने मराठी केलं, अडखळत: "काका, ते सगळे एकाच दारातून आत घेतलेले. एकमेकांचे कोणी नाहीत."
भाऊजी: "म्हणजे मूळ पुरुष कोण, ह्यांनाच ठाऊक नाही?"
"नो," लुका म्हणाला. कुणी किती वाजले विचारल्यासारखं, सहज.
मागून जाऊबाई: "तुमच्या पणजोबाच्या मागचं तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे? सांगा बघू एक नाव."
भाऊजी तिकडे वळले नाहीत. मला म्हणाले, "वासंती, तुला माहीत होतं?"
"हो."
"आणि मी गावभर सांगत सुटलो, मोठं कूळ म्हणून."
मी पोह्यांच्या बश्या गोळा केल्या.
"बघतो," म्हणाले. फोन बंद.
इरा आत गेली. लुकाने कपबश्या विसळल्या.

११ नोव्हें.
सांगलीहून काही नाही. इरा माझ्याशी कामापुरतं बोलते. काका नसतील तर कन्यादान ठेवूच नका म्हणते, सह्या करू आणि जेवायला जाऊ. हे आवाज न चढवता सांगितलं. माझ्यावर गेली आहे.

१३ नोव्हें.
सकाळी भाऊजींचा व्हॉट्सॲप. दोघांच्या पासपोर्टचे फोटो. सोबत शब्द नाही. व्हिजिट व्हिसाला टाकले.
कन्यादानाला येतायत की नुसते जेवायला? फोन हातात घेतला, ठेवला. एकदा मी त्यांच्यासाठी मजकूर केला तेवढा पुरे. त्यांनीच सांगावं.
इराला फोटो दाखवले. बराच वेळ बघत राहिली. "काका लुक्स सो अँग्री इन धिस."
म्हटलं, पासपोर्टात सगळेच तसे दिसतात.
दुपारी पत्रिकेचा छापखानावाला: "यल्ला मॅडम, कन्यादान की लाइन में नाम बोलो, खलास करते हैं."
मुदत वाढवून मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.