खांद्यावरचा टॉवेल

प्रिय ठमाबाई,

आत्याकडे जाऊन तुला पाच आठवडे झाले आणि तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, सांभाळून घे.

आधी चांगली बातमी. तबेल्यातला खोकला थांबला. अकराही घोडी दाण्याला तोंड लावू लागलीत. पांढऱ्याने तर काल माझ्या टोपीलाही लावलं. ताप उतरला तरी महिनाभर रपेट बंद, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. त्यामुळे घोडी आणि मोतद्दार सगळेच बसून लठ्ठ होताहेत. मोठीबाईचं ठाण मात्र रिकामंच आहे. तू तिच्यावरच बसायला शिकलीस. पडलीस की ती जागच्या जागी थांबायची. फार आठवण येते गं तिची.

स्पर्धेहून तांबड्याला परत आणलंस, तेव्हा तूच त्याला मागच्या शेडमध्ये वेगळं ठेवलंस. वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि दारावर खडूने लिहिलंस, 'चौदा दिवस आत येऊ नये. बाबा, तुम्हीसुद्धा.' मी हसलो. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाला कालची पोरगी शिकवते, असं मोतद्दारांना सांगतही सुटलो. आणि मोठीबाई गेली त्या दिवशी त्यांच्याच समोर तुझ्यावर ओरडलो, की हा आजार तू आणलास, तिला तू मारलंस. बॅग भरलीस आणि निघालीस. आता आत्या म्हणते, जनावरांच्या डॉक्टरकीला मिळालेला प्रवेशही तू सोमवारी रद्द करणार आहेस.

माझी सकाळची फेरी तुला ठाऊक आहे. खांद्यावर ओला टॉवेल, प्रत्येकाच्या नाकपुड्या पुसायच्या, कपाळ थोपटायचं, मगच चहा. लहानपणी तू टॉवेलचं दुसरं टोक धरून मागेमागे यायचीस. तर तांबडा तिकडे एकटा खिंकाळायचा, मला राहवायचं नाही. तू बाहेर पडलीस की मी गुपचूप आत जायचो. आधी त्याचं नाक पुसायचो, बिचारा एकटा म्हणून. मग त्याच टॉवेलाने मोठीबाईचं, म्हातारी म्हणून. मग ओळीने सगळ्यांचं.

तू गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेड एवढी लांब, मग विषाणू इकडे पोचला कसा? खोकल्यातून जातो तसा तो हातांवरून, बादल्यांवरून, फडक्यांवरूनही जातो म्हणाल्या. मी टॉवेल पाठीमागे लपवला. मला तेव्हाच कळलं होतं, ठमे, आणि तरी मी महिनाभर गप्प बसलो. लाज वाटत होती.

आज सकाळी जिथे तुझ्यावर ओरडलो, तिथेच सगळ्यांना गोळा केलं आणि टॉवेल दाखवून सगळं सांगितलं. पोरीने सगळं बरोबर केलं होतं, म्हटलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. मोठीबाई माझ्या हातून गेली, तुझ्या नाही. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, पण सोमवारी त्या कागदावर सही करू नकोस. उद्या मागच्या शेडमध्ये नवी घोडी येतेय. दारावरचं तुझं लिखाण मी पुसलेलं नाही. फक्त 'तुम्हीसुद्धा'खाली रेघ ओढली आहे.

दाराबाहेर उभा असलेला,
तुझाच
बाबा