इस्पितळाचं झाड

कामथडी,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

ती. मंगलवन्संना,

रत्नाचा वाकून नमस्कार. (वाकणं आता कागदावरच जमतं, तेवढं गोड मानून घ्यावं.) आम्ही इकडे बरे आहोत. तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं तुम्ही परवा फोनवर तीनदा सांगितलंत, ते मी तिन्ही वेळा ऐकून घेतलं. तुमचे बंधू पेपरामागे सुखरूप आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हांला वाटेल. पण इथे फोन आला की तुमचे बंधू तो स्पीकरवर टाकतात, मग तो खिडकीतून थेट शेजारच्या सगुणाबाईंच्या ओट्यावर जातो, आणि सगुणाबाईंवर माझा बरेच दिवस संशय होता. खरं सांगायचं तर सगळ्यांवरच होता. माझे ऱ्हस्व-दीर्घ नेहमीप्रमाणे तांबड्या पेनानं सुधारून पत्र परत पाठवालच. या खेपेला सोबत उत्तरही पाठवा.

तर विषय अंजिराचा. गणपतीत तुम्ही आलात तेव्हा रस्त्याकडच्या भिंतीवर ते पाहून "झाड आहे की वाळत घातलेलं धुणं?" असं सगळ्यांदेखत विचारलंत. (राग नाही, फक्त लक्षात आहे.) आमच्या कॉन्व्हेंटच्या मागच्या भिंतीला सिस्टर क्लॉटिल्डांनी असंच एक अंजीर लावलं होतं. मधे बुंधा आणि दोन्ही बाजूंना तारांवर आडव्या पसरलेल्या फांद्या. प्रार्थनेला उशीर झाला की त्या आम्हांला त्याच्यासमोर उभं करायच्या. मला ती शिक्षा कधी वाटलीच नाही. घरची फार आठवण यायची तेव्हा कुणीतरी कवेत घ्यायला हात पसरून उभं आहे असं वाटायचं, आणि मी मुद्दाम उशीर करायची. साठी उलटल्यावर तो उशीर पुन्हा करावासा वाटला. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ऊन चांगलं, म्हणून झाड बाहेरून लावलं. यात कोवळी फांदी आधी तिरकी बांधतात आणि महिन्या-महिन्यानं थोडी थोडी खाली आणतात. एकदम ओढली तर मोडते. (मी नवी सून होऊन आले तेव्हा तुम्ही एकदम ओढली होतीत. मी मोडले नाही, ती गोष्ट वेगळी.)

फांदी काचू नये म्हणून बांधायला जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या घ्यायच्या, आणि तार व फांदी यांच्यामधे फुली पडेल अशी आठाच्या आकड्यासारखी गाठ मारायची. पाणी घालायला येणाऱ्या गोरखला मी हे नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या फांद्या लोंबत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे इंग्रजी आठ होता, त्यानं मराठी ८ बांधला होता, म्हणजे पट्टी वरून टाकून दोन्ही टोकं खाली मोकळी! मला म्हणतो, "तुमीच म्हनलासा आठ, तर ह्यो काय नव्वा हाय व्हय?" हे इथेच थांबलं असतं, पण या पद्धतीला एस्पालिए म्हणतात हेही मी त्याला सांगून बसले. तेवढी विद्या पाजळायला नको होती.

श्रावणापासून झाडावर माझ्या नसलेल्या पट्ट्या दिसू लागल्या. हिरवी रिबीन, ब्लाऊजपीसचा तुकडा, एकदा तर चक्क शाळेचा टाय. गाठी माझ्या नव्हेत, हे आठ नसल्यावरून कळतच होतं. पहिला संशय सगुणाबाईंवर, कारण त्या सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, "वैनी, झाडानं काय चोरीमारी केली म्हून हातपाय बांधल्यात?" मला वाटलं, भिंतीवर हक्क सांगायची ही तयारी. मग वाटलं, करणी. (सिस्टर क्लॉटिल्डांची क्षमा मागून मी मुळाशी लिंबू शोधलं. निघाली गोरखची चुन्याची डबी.) तुम्हीही गणपतीत दूर्वा आणायच्या निमित्तानं सगुणाबाईंशी बोलत फाटकाबाहेर बराच वेळ उभ्या होतात. माझ्याविरुद्ध कट शिजतो आहे, अशी त्या दिवशी माझी खात्रीच झाली, म्हणून तुम्हांला मोदक जरा कमी वाढले. ते आता मोकळेपणानं सांगते.

शेवटी एका दुपारी पडद्याआड खुर्ची टाकून बसले. हायवेवरच्या पंक्चरवाल्या शाकिरची आई, झुबेदाबी, रंगेहाथ सापडली. मी तशीच फाटकाबाहेर गेले.

"झुबेदाबी, काय बांधताय?"

"शाकिरच्या अब्बांच्या डोळ्याचं आपरेशन हाय, काकू. म्हनलं इस्पितळाच्या झाडाला सांगून ठिवावं."

"कुठल्या झाडाला?"

"ह्येच की तुमचं! गोरख म्हनला, काकूनीच नाव ठिवलंय. आन बगा की, समद्या अंगाला पट्ट्या, वर सलाईनच्या नळ्या बी लावल्यात."

ती ठिबकची नळी होती, वन्सं! एस्पालिएचं इस्पितळ झालं होतं आणि मी नर्स. तेवढ्यात ओट्यावरून सगुणाबाई: "माज्या नातीची कावीळ उतरली, वैनी. झाड लई गुनाचं हाय, निस्ता तुमचा सोभाव तेवडा वंगाळ."

नियम साधा आहे. दुखणं आलं की पट्टी बांधायची, बरं वाटलं की ज्याची त्यानं येऊन सोडून न्यायची. मला हे पटत नाही, हे मी सर्वांना सांगितलं आहे. तरी काचू नये म्हणून रोज संध्याकाळी गाठी सैल करून इंग्रजी आठात बांधते. त्यामुळे कोणत्या फांदीवर कुणाचा संधिवात आहे हे हल्ली मला तोंडपाठ आहे. झुबेदाबी काल आपली पट्टी सोडून घेऊन गेली. शाकिरचे अब्बा आता लांबूनच माझ्याकडे बघून हसतात. झाडाला पहिली फळं धरली आहेत. बाकी क्षेम.

तुमची भावजय,
रत्ना

ता. क. नव्या गाडीसाठी कुमारला ती भिंत पाडून मोठं गेट करायचं आहे. किकवीचा कंत्राटदार येत्या रविवारी मापं घ्यायला येतो आहे. भिंत गेली की झाड गेलं. आईचं ऐकायचं वय त्याचं संपलं. आत्याला मात्र तो अजून घाबरतो. त्याला एक फोन करा.

ता. क. २. ते नाही केलंत तरी चालेल. कंत्राटदाराला सगुणाबाई आणि झुबेदाबी बघून घेणार आहेत. पत्र खरं यासाठी. काल सगळ्यात खालच्या डाव्या फांदीवर, पानांच्या मागे, जांभळ्या नारायणपेठीची पट्टी सापडली. कुमारच्या लग्नात मी तुम्हांला दिलेली, गणपतीत नेसलेली. पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवणाऱ्या बाईनं नेसती साडी फाडली, म्हणजे दुखणं लहान नाही. गाठही सुरगाठ नाही, निरगाठ. तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाची असणार? फांदीला ती काचते आहे. बाकी सगळ्या मी सैल केल्या, हिला हात लावला नाही. ही तुमची तुम्हीच येऊन सोडायची. तोवर भिंत उभी राहील, ते माझ्याकडे लागलं. डॉक्टर काय म्हणाले ते खरं खरं लिहा. ऱ्हस्व-दीर्घ मी बघणार नाही.