संगणकाच्या दारातले स्टूल

॥ श्री नरसिंह प्रसन्न ॥

इंदापूर, १७ जानेवारी १९९६

चि. आसावरीस ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे संक्रांतीचे पार्सल काल एस.टी.ने पोचले. आले ते असे : तिळाच्या वड्या अर्धा किलो (दोन मोडल्या), तुझ्या भाऊजींना लोकरीची टोपी, मला खण. हमाल तीन रुपये मागत होता, दोन दिले. टोपीवर पंचाहत्तरची चिठ्ठी तशीच होती. एवढे मोजलेस? कंपनीत दिवसभर डोके चालवतेस आणि दुकानात घासाघीस करायला तोंड उघडत नाही!

आता वाईट ते. इथल्या पाणीसंस्थेत एक तारखेला संगणक आला. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या आमच्या लग्नाआधीपासून हे लावत आले, त्या आता यंत्र लावते. यांची खुर्ची गेली. संगणकाला धूळ चालत नाही म्हणे, म्हणून त्या खोलीच्या दाराशी यांना स्टूल दिले आहे. येईल त्याला चपला काढायला सांगायचे. सचिव मोहनराव सगळ्यांदेखत म्हणाले की रघुनाथराव, पाळ्या यंत्र लावील, तुम्ही चपला लावा. लोक हसले. शेतकऱ्यांतला एकटा दत्तोबा म्हणाला की भाऊसाहेब, तुमी हितं बसू नका, आमालाच कसंतरी हुतंय.

घरी हे अवाक्षर बोलले नाहीत. मला कुशाबाईने भाजी देताना सांगितले.

मी दुसऱ्याच दिवशी नरसिंहपूरला गेले. संगमावर हातपाय धुऊन देवापुढे नवस बोलले की हा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याला त्याच स्टुलावर बसव, आणि माझ्या डोळ्यांदेखत बसव. मोहनराव नुसते तोंड. मूळ तो लिहिणारा. यंत्र बारामतीहून आले असे कळते. तू त्याच कामातली. त्या मेल्याचे नाव शोधून कळव.

वेळेवर जेवत जा. माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई,
अनसूया

बारामती, २२ जानेवारी १९९६

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. उत्तर लिहायला बसते आणि पेन खाली ठेवते, असं चाललंय. तर लिहूनच टाकते. तो मेला म्हणजे मी.

गणपतीत आले होते तेव्हा मी भाऊजींना खोदून खोदून विचारत होते, आठवतं? तू मोदक वळता वळता म्हणालीस की या दोघांच्या गप्पांत उकड गार होईल. ते सांगत होते की टोकाच्या रानाला पाणी आधी द्यावं, एकट्या बाईला रात्रीची पाळी देऊ नये, भांडलेल्या भावांच्या पाळ्या एकापाठोपाठ ठेवू नयेत. हे कुणी शिकवलं असं विचारलं, तर म्हणाले, लोकांच्या शिव्यांनी. ते सगळं मी प्रोग्राममध्ये घातलं.

तो तुमच्याच संस्थेत बसणार हे मला ठाऊक होतं. वाटलं, भाऊजींची रोजची कटकट वाचेल आणि यंत्रावर तेच बसतील. असं मी धरून चालले. विचारलं मात्र कुणालाच नाही.

ताई, इतकी वर्षं या धंद्यात कागद बघून कागदासारखेच प्रोग्राम लिहिले. हे पहिलं काम, जे एका माणसाच्या तोंडून ऐकून केलं, म्हणून जीव ओतला. इतकं नीट झालं की त्या माणसाची गरजच उरली नाही. चांगलं काम केल्याची लाज वाटावी, असं आजवर झालं नव्हतं.

नवस मागे घे. आणि भाऊजींना माझं नाव सांगू नकोस, एवढी भीक घाल.

तुझ्या मायेला अजून पात्र असेन तर,
आसावरी

॥ श्री नरसिंह प्रसन्न ॥

इंदापूर, २७ जानेवारी १९९६

आसावरीस,

आशीर्वाद मागाहून, मजकूर आधी.

तुझे पाकीट आले. तिकीट कमी लावले होतेस, दंडाचे दोन रुपये मी भरले. ते तुझ्याकडून घेणार.

देवाला बोललेले मागे घेता येत नाही. नाव ठाऊक नसताना बोलले ही माझी घाई. पण घरचे नाव निघाले म्हणून शब्द फिरवला, तर मी देवाचीही नाही आणि नवऱ्याचीही नाही.

यांना मी सांगितले. तर यांना आधीच ठाऊक! पहिल्या दिवशी यंत्रातून पाळ्यांचा कागद निघाला, त्यात एकट्या राहणाऱ्या प्रयागबाईचे पाणी सकाळचे होते आणि दोन्ही भांडखोर भावांच्या मध्ये तिसराच माणूस होता. तेवढ्यावरून म्हणे ओळखले की हे आपल्या आसावरीचे. इतके दिवस चपला राखत बसून हा माणूस मनात तुझे कौतुक करत होता! वर मलाच बजावतात की पोरीला बोलायचे नाही. त्यांनी तुला माफ केले. मी केलेले नाही.

तर आता मी सांगते तसे कर. तुमच्या कंपनीची माणसे यंत्र तपासायला येतात, तशी तू ये. मोहनराव कंपनीच्या माणसापुढे शेपूट घालतात हे कुशाबाईसुद्धा जाणते. त्यांना ठणकावून सांग की यंत्रावर भाऊसाहेबच बसतील. यांना आत खुर्चीवर बसव आणि त्यांनी तुला सांगितले त्याच जिव्हाळ्याने शिकव.

ते झाले की बाहेर ये आणि दिवस मावळेपर्यंत त्या स्टुलावर बस. येईल त्याला चपला काढायला लाव. मोहनराव बूट घालून खुशाल आत जातात. त्यांना अडव, सगळ्यांदेखत वाकून नाड्या सोडू देत. मी कुशाबाई आणि शेजारच्या साखरबाईला घेऊन रानातून येणार आहे, चिखलाच्या पायांनी. माझ्या चपला तुझ्यापुढेच काढीन. रडू आले तर डोळे पूस, पण उठू नकोस. उठलीस तर नवस फिटला नाही. डबा मी आणीन, तिथेच बसून खा. मटकीची उसळ करते.

राग फिटला की लोभ दिसू लागेल, तो कुठे गेलेला नाही. कोणत्या वारी येतेस ते उलट टपाली कळव. कार्डच टाक, पाकिटाचा खर्च नको.

अनसूया